अजून रंग खाली यायचाय

सीटी स्कॅनच्या मशीनवर आयुष्य काढलं म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "किरणांची भीती नाही वाटली?" आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी तर मी निवृत्त होईपर्यंत त्यांच्या नातवाला माझ्या मांडीवर बसू दिलं नाही. त्यांना काय समजावणार, कपाळ! किरणांसाठी शिशाच्या भिंती असतात, जाड काच असते, अंगावर किती किरणं पडली ते सांगणारा बिल्ला छातीवर लावलेला असतो. म्हणजे त्या भीतीची सोय करून ठेवलेली आहे. जिची सोय कोणी केलेली नाही, त्या भीतीबद्दल मी आज लिहायला बसलेय.

मी मुळातच घाबरट. पालीला घाबरते, लिफ्टला घाबरते, अवेळी वाजलेल्या फोनला घाबरते. नवरा चिडवायचा, "तू हॉस्पिटलात नोकरी करतेस की हॉस्पिटल तुला सांभाळतंय?" हसा म्हटलं. पण घाबरट होते म्हणूनच टिकले, असं माझं मत आहे. आमच्या धंद्यात बिनधास्त माणूस चालत नाही.

आमचं सीटीचं युनिट भाईंदर पश्चिमेला, एका खाजगी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर. हायवेवरचे अपघात यायचे, नव्या टॉवरांच्या परांचीवरून पडलेले मजूर यायचे, होडीत पाय घसरून काठावर आपटलेले उत्तनचे कोळीबाबा यायचे. मी काही डॉक्टर नाही. पेशंटला टेबलावर झोपवायचं, मशीन चालवायचं, चित्रं काढायची आणि पलीकडच्या खोलीत बसलेल्या आमच्या रेडिऑलॉजिस्ट मॅडमना ती दाखवायची. निदान त्यांचं, हात माझे. बाहेर नातेवाईक विचारायचे, "ताई, काय निघालं?" मी म्हणायचे, "डॉक्टर सांगतील." हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय की घरी लेकाने "भाजी काय केलीस?" विचारलं तरी तोंडात तेच यायचं.

आता ज्या कामाबद्दल सांगायचंय ते सोपं करून सांगते. मीरा रोडला राहणाऱ्याला तर पटकन कळेल, कारण आपल्याकडे लीकेजवरून भांडण झालं नाही अशी बिल्डिंग नाही. खालचा म्हणतो तुमच्या बाथरूममधून गळतंय, वरचा म्हणतो आमचं सगळं कोरडं आहे. मग प्लंबर येतो. वरच्या बाथरूममध्ये रंगाचं पाणी ओततो आणि खाली जाऊन छताकडे बघत बसतो. रंग उतरला की भांडण मिटतं, निदान त्या दिवसापुरतं तरी.

किडनीला मार लागला की आम्ही हेच करतो. हाताच्या शिरेतून एक औषध सोडतो. ते चित्रात पांढरं दिसतं, पण आम्ही आपले त्याला रंगच म्हणतो. रंग आधी रक्तातून फिरतो, तेव्हा पहिली चित्रं काढायची. किडनी फुटलीय का, रक्त वाहतंय का, ते त्यात दिसतं. पण किडनीतून लघवी खाली नेणारी जी नळी असते, शेवईएवढी बारीक, ती या चित्रात काही बोलत नाही. तिच्यात रंग यायला वेळ लागतो. किडनीने रक्तातून रंग गाळायचा, लघवीत सोडायचा आणि मग तो नळीतून खाली उतरायचा. त्यासाठी दहाएक मिनिटं, कधी त्याहून जास्त, नुसतं थांबावं लागतं आणि मग पुन्हा चित्रं काढायची. नळी धड असेल तर पांढरी रेघ सरळ मूत्राशयापर्यंत जाते. फाटली असेल तर रंग पोटात पसरतो.

माझी सगळी भीती त्या थांबण्यात होती. मार लागलेला माणूस टेबलावर, आत कुठे काय फाटलंय ते कोणालाच माहीत नाही, मॉनिटर टिकटिक करतोय आणि आपण काहीच करायचं नाही. त्यात बाहेरचे लोक दार वाजवतायत, "झालं ना? मशीन तर थांबली!" मशीन थांबली म्हणजे तपासणी संपली, असंच सगळ्यांना वाटतं.

तसे गमतीचे पेशंटही खूप आले. रंगाचं इंजेक्शन गेलं की अंगात ऊब पसरते आणि कपड्यांत लघवी झाल्यासारखं वाटतं. होत नाही, नुसतं वाटतं. आम्ही प्रत्येकाला आधीच सांगून ठेवतो. एका गुजराती काकांना मी हे नीट समजावलं, त्यांनी समजल्यासारखी मान हलवली, इंजेक्शन गेलं आणि माइकवरून त्यांचा बारीक आवाज आला, "बेन, मने लागे छे थई गयुं." मी म्हटलं, "काका, सिर्फ लगता है." ते म्हणाले, "नहीं बेन, इस बार पक्का है." आणि खरंच पक्कं होतं! चादर बदलता बदलता आम्ही हसलो, तेही हसले.

पण पेणकरपाड्याच्या एका बाईंनी माझं हसू घालवलं. त्यांना रिक्षाने उडवलं होतं. पहिली चित्रं बरी आली. मॅडमनी नंतरची चित्रं सांगितली होती, पण नवऱ्याने आवाज चढवला. मुलं शाळेतून येतील, किल्ली शेजारी नाही, किडनी चांगली आहे म्हणता तर आता काय तमाशा चाललाय. मी दारात आडवी उभी राहिले, मॅडमनी हात जोडले. शेवटी त्याने आपल्या जबाबदारीवर नेतो म्हणून सही केली आणि बायकोला घेऊन गेला. काही आठवड्यांनी त्या परत आल्या त्या तापाने फणफणलेल्या, पोट तट्ट फुगलेलं. नळी फाटली होती आणि इतके दिवस लघवी आतल्या आत झिरपत राहिली होती. किडनी सडली, काढून टाकावी लागली. स्ट्रेचरवरून नेताना त्या मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही सांगत होतात ना?" त्या वाक्याने मी कित्येक रात्री दचकून उठले. तेव्हापासून मशीन थांबली की मी आधी दाराकडे बघायचे.

आणि मग जयेश आला.

मे महिन्यातली टळटळीत दुपार. आमच्या दारावरचा शंभू धावत आत आला, मूळचा जौनपूरचा, सहसा न गडबडणारा माणूस. "मॅडम, दूल्हा आया है," म्हणाला. मला वाटलं उन्हाने ह्याचं डोकं फिरलं. बाहेर बघते तर खरंच नवरदेव! स्ट्रेचरवर पंचविशीतला एक मुलगा, डोक्यापासून पायापर्यंत हळदीने पिवळा, कपाळाला मुंडावळ्या, मनगटाला हळकुंड बांधलेलं आणि मुठीत लिंबू टोचलेली सुरी. मागे पन्नासेक माणसं, तीही पिवळी. रात्रीची हळद अजून कोणाच्याच अंगावरून गेली नव्हती.

घर भाईंदरजवळच्या राई गावातलं. आदल्या दिवशी सकाळी मांडवाच्या बांबूंवर चढून जयेश लाइटच्या माळा लावत होता. पाय घसरला आणि तो खाली उभ्या असलेल्या टेम्पोच्या फाळक्यावर कुशीवर आपटला. घरातल्या मोठ्या माणसांनी त्याला बसवलं, पाणी पाजलं, कुशीला तेल चोळलं आणि पडलेल्या माणसाची जी तपासणी त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय ती केली. लघवी बघितली. लाल नव्हती. घरात आनंदीआनंद. संध्याकाळी हळद झाली, डीजे झाला, सगळा गाव नाचला. लग्न दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्तावर. आणि त्या दिवशी दुपारी नवरदेव उलट्या करायला लागला, कूस धरून वाकडा झाला. वरच्या मजल्यावर सर्जनने बघितलं, सोनोग्राफीत किडनीभोवती पाणी दिसलं आणि त्याला आमच्याकडे पाठवलं.

"ताई, लगवी साफ हाय त्याची," मामा म्हणाले. हे नवऱ्या मुलाचे मामा, सगळ्या गर्दीचे पुढारी, पांढरा सदरा, गळ्यात सोन्याची साखळी. "लाल न्हाय. मी सोता बगितली. मंग किडनीला काय झायला आसंल?"

मी सुई लावायला घेतली. पण आतून चरकले, कारण हीच ती फसवी गोष्ट. किडन्या दोन असतात. एका बाजूची नळी पार तुटली तर त्या बाजूची लघवी आणि रक्त खाली उतरतच नाही, पोटात राहतं. बाहेर येते ती दुसऱ्या, धडधाकट किडनीची लघवी. ती स्वच्छच असणार! जखमी किडनीची साक्ष आपण शेजारणीकडून घेतो आणि खूश होतो.

टेबलावर घेताना पहिला खोळंबा सुरीचा. टेबल सरकताना ती निसटून अंगावर आली तर लोखंडामुळे चित्रात चांदण्या उमटतात, खालचं काही दिसत नाही. मी सुरी मागितली तर त्याच्या आईने माझा हात धरला. बारकीशी बाई, हिरवी नऊवारी, रडून डोळे सुजलेले. "बाय, हळद लागलेल्या पोराच्या हातातनं लोखंड काडाचं न्हाय. वारं लागतं. आदीच कोनाची नजर लागलीय माज्या लेकराला." काय करायचं? मला तिचा राग येईना. घाबरलेली बाई घाबरलेल्या बाईला ओळखते. मी म्हटलं, "आई, सुरी तुम्ही धरा आणि इथे काचेमागे माझ्या शेजारी उभ्या राहा. लिंबू राहू दे त्याच्या हातात. तो हात असाही डोक्यावर घ्यायचाय, चित्रात येत नाही." तिने लिंबावरून सुरी ओढून काढली, लिंबू त्याच्या मुठीत दाबून दिलं आणि सुरी दोन्ही हातांनी छातीशी धरून माझ्या शेजारी उभी राहिली. सुरी छातीशी धरलेली बाई शेजारी घेऊन मी एरवी कधी स्कॅन केलेला नाही.

दुसरी भीती हळदीची. माणसाच्या आत रक्तस्राव होत असला की तो पांढरा पडतो, हे आम्ही चेहऱ्यावरून बघतो. इथे सगळा चेहरा पिवळा! खाली माणूस फिका पडतोय की काय, काही कळेना. मी त्याची पापणी खाली ओढून बघत होते, नखं बघायला गेले तर नखांतही हळद. ड्युटीवरचे डॉक्टर शेजारी उभे राहून बीपीवर लक्ष ठेवून होते. बीपी बरं होतं. पण "बरं होतं" हे पुढच्या क्षणाला लागू नसतं, हे मी पुरतं शिकले होते.

पहिली चित्रं झाली. किडनी फुटलेली नव्हती, मोठा रक्तस्राव नव्हता. डाव्या किडनीच्या आतल्या बाजूला थोडं पाणी जमलं होतं, इतकंच. शंभूने माझा सुस्कारा ऐकला असणार आणि तो बाहेर जाऊन बोलून बसला, "किडनी ठीक है." झालं! बाहेर जल्लोष. कोणीतरी बँडवाल्याला फोन लावला. कोणीतरी "गनपती बाप्पा" ओरडलं. मामा दार ढकलून आत.

"चला, घ्या खाली त्याला. बाकीचा लगीन झाल्यावर बघू."

आतल्या खोलीतून मॅडम बाहेर आल्या. शांत बाई, पण बोलली की ठाम. "उतरवायचं नाही. पाणी चुकीच्या जागी आहे. रंग नळीत उतरेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा चित्रं." सर्जनना फोन लावायला त्या आत गेल्या आणि दारात राहिले मी.

"किती वेळ?" मामांनी विचारलं.

"थोडा वेळ. दहाएक मिनिटं, कदाचित जास्त."

"आवो, वऱ्हाड खोळंबलंय! मुर्ध्याला मुलीकडची वाट बगतात. हळद लागलेला नवरा वेशीभायेर काडला त्येच वाईट झायलं. आता मुहूर्त बी घालवू काय?" मामांच्या मागे आणखी चारपाच जण आत शिरले. एकजण टेबलाकडे निघाला. मी टेबलाच्या आणि त्याच्या मध्ये गेले. मागे हात नेऊन टेबलाची कड घट्ट धरली. पेणकरपाड्याच्या बाई डोळ्यांसमोर येत होत्या, आणि त्याच वेळी मनात दुसरंच भूत, समजा थांबवलं आणि इथेच टेबलावर ह्याचं काही झालं तर? ही माणसं मशीनचा चुरा करतील, माझाही करतील. उतरवावं तरी भीती, ठेवावं तरी भीती. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते काय असतं ते त्या दिवशी कळलं.

मी एवढंच म्हणू शकले, "मामा, अजून रंग खाली यायचाय. रंग खाली आला की मी स्वतः उतरवून देते. तोवर हात लावू नका."

"कसला रंग?"

मी त्यांना प्लंबरचं सांगितलं. बाथरूम, रंगाचं पाणी, खालचं छत. मामांच्या राईला आता चाळींच्या जागी टॉवर झालेत, त्यांचा स्वतःचाही एका टॉवरात फ्लॅट असावा, कारण ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आमच्या वरचा भाडोत्री बी आसंच बोलतो, कोरडा हाय म्हनून," आणि पोरांना घेऊन दाराबाहेर जाऊन उभे राहिले. दार मात्र उघडंच ठेवलं. मी पळून जाईन की काय असं वाटलं असेल त्यांना.

मी जयेशजवळ गेले. हात डोक्यावर, मुठीत लिंबू, डोळे छताला. मला वाटलं, हाही चिडलेला असणार. मी म्हटलं, "थोडंच थांब रे बाळा. मग तुझं लग्न आणि तू."

तो ओठही न हलवता, बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "मॅडम, मला उतरवू नका."

"काय?"

"काल पडलो तेव्हापासून दुखतंय. कळ जातच नाहीये. हळदीत नाचवलं तेव्हा डोळ्यांपुढे अंधार आला होता. मी बोललो नाही."

"अरे, का नाही बोललास?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, हळदीतून दोन ओघळ कानापर्यंत गेले. "रोशनीला बोलतील. नवरीचं पाऊल घरात पडायच्या आधीच नवरा आडवा झाला, पायगुण वाईट, असं बोलतील. माझ्या चुलतभावाच्या वेळी बोललेले. त्या वहिनीला अजून बोलतात. म्हटलं एक दिवस काढतो, लग्न होऊ दे. पण आता मला भीती वाटतेय मॅडम. मी मरणार नाही ना?"

मी त्याला "नाही रे" म्हटलं. म्हणजे तोंडाने म्हटलं. काय होणार ते मला कुठे माहीत होतं? मी त्याच्या कपाळावर हात ठेवला, तो थंडगार लागला. डॉक्टरांकडे बघितलं, त्यांनी पुन्हा बीपी घेतलं, मान डोलावली. वेळ पुढे सरकेना. काचेमागे त्याची आई सुरी छातीशी धरून पुटपुटत होती. मी आयुष्यात कधी देवाला नवस बोलले नव्हते, त्या दिवशी काय काय बोलले ते आता फेडताना आठवावं लागतं.

मॅडमनी खूण केली. टेबल पुन्हा आत गेलं. "श्वास घ्या, धरून ठेवा," मी माइकवर म्हटलं आणि स्वतःचाही श्वास धरला.

उजवीकडे पांढरी रेघ झऱ्यासारखी सरळ खाली उतरली होती, मूत्राशयापर्यंत. डावीकडे किडनीतून रंग निघाला होता आणि निघाल्या निघाल्या नळीचं तोंड चुकून आजूबाजूला ढगासारखा पसरला होता. त्याच्या खाली काहीच नव्हतं. रेघ नाही, ठिपका नाही. जिथे नळी दिसायला हवी तिथे नुसता काळोख. मॅडम माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "किडनीच्या तोंडाशीच तुटलीय," त्या हळूच म्हणाल्या. "लगेच ऑपरेशन. वेळेत सापडलंय, किडनी वाचेल बहुतेक."

ते "बहुतेक" माझ्या कानात अडकून राहिलं.

सर्जन खाली आले, मामांना चित्र दाखवून समजावलं. बँडवाल्याचा फोन वाजत होता, कोणी उचलेना. आणि मग जे होऊ नये म्हणून त्या मुलाने रात्रभर कळ सोसली होती, तेच झालं. मामा भिंतीला टेकले आणि म्हणाले, "पोरीचा पायगुन. दुसरं काय."

नेमकी त्याच वेळी रोशनी दारात होती. मुर्ध्याहून आली होती. कोणाचा तरी फोन गेला असणार. तीही हळदीने पिवळी, हातात हिरवा चुडा, डोक्यावरचा पदर घसरलेला. मागे तिची मावशी, "अगं हळद लागलेली पोर तू, भायेर पडतेस काय!" म्हणून ओढत होती. घाईत चपलासुद्धा घातल्या नव्हत्या. मे महिन्याच्या त्या डांबरावरून ती अनवाणी आली होती. मामांचं बोलणं तिने ऐकलं. सगळ्यांच्या नजरा तिच्या पायांवर गेल्या आणि तिने एक पाय दुसऱ्या पायामागे लपवला. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मला खरं तर ओरडून सांगायचं होतं की, अरे, पाय बांबूवरून त्याचा घसरला, हिचा काय संबंध! पण टेक्निशियनने नातेवाइकांच्या घरच्या गोष्टींत पडायचं नाही, हा नियम. जयेशचं स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा त्याने मूठ उघडली आणि लिंबू तिच्या हातात दिलं. लिफ्टचं दार बंद झालं. मी टेबल पुसायला घेतलं. सगळ्या टेबलावर हळद होती, ती कितीतरी दिवस कोपऱ्याकोपऱ्यांतून निघत होती.

ऑपरेशन झालं. नळी जोडली, आत आधाराची बारीक नळी ठेवली, काही आठवड्यांनी ती काढली. पण लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. शंभूला सगळ्या बातम्या असायच्या. तो सांगायचा, राईत लोक बोलतात, मुर्ध्यात लोक बोलतात. मामा दुसरी मुलगी बघा म्हणतायत. जयेश हटून बसलाय. शेवटी त्याची आई म्हणाली, ऑपरेशननंतरचा फोटो निघू दे. पोरगा पुरता बरा झाला असेल तर रोशनीच घरात येईल. नाहीतर बघू.

नाहीतर बघू! म्हणजे त्या मुलीचं सगळं आयुष्य आता माझ्या मशीनमधल्या एका पांढऱ्या रेघेवर टांगलेलं.

गणपती होऊन गेले आणि एका सकाळी जयेश परत आला. हळद नाही, मुंडावळ्या नाहीत, साधा शर्ट. पहिल्यांदाच त्याचा खरा रंग दिसला, चांगला सावळा होता. सोबत आई, मामा आणि रोशनी. रोशनी मामांपासून चार हात लांब, बाकड्याच्या टोकाला. आमच्याकडे चपला बाहेर काढायचा नियम, तिने काढून भिंतीकडेला ठेवल्या आणि पाय साडीखाली ओढून घेतले.

मी त्याला टेबलावर घेतलं. हात वर. इंजेक्शन. पहिली चित्रं. मग थांबायचं. "रंग खाली येईपर्यंत थांबायचं, रोशनीला पण सांगून ठेवलंय," जयेश म्हणाला. ह्या वेळी दार कोणी वाजवलं नाही. बाहेर इतकी शांतता की मला त्या शांततेचीच धास्ती वाटायला लागली. जोडलेली नळी कधी कधी आकसते, जोडाशी बंद पडते, हे मी पाहिलेलं होतं. रंग पुन्हा तिथेच अडला तर? मी बाहेर जाऊन कोणत्या तोंडाने उभी राहणार? चित्र उघडायचं सोडून मी माउस नुसताच फिरवत बसले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मी करू का?" मी म्हटलं, "नको."

चित्रं वरून खाली एकेक उघडायची असतात. डावी किडनी पांढरी. तिचं तोंड पांढरं. जोड आला. रेघ तिथे बारीक झाली, इतकी बारीक की मला वाटलं, संपलं. पुढचं चित्र उघडलं. रेघ होती. त्याच्या खालचं उघडलं, होती. मी उघडत गेले, ती उतरत गेली, पार मूत्राशयापर्यंत. पसरलेला रंग कुठेही नव्हता. मॅडमनी पुन्हा एकदा सगळं वरपासून तपासलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "आज तुम्हीच सांगा बाहेर."

इतक्या वर्षांत "डॉक्टर सांगतील" सोडून दुसरं काही मी त्या दारात बोलले नव्हते. दार उघडलं तर तिघांऐवजी मला फक्त रोशनीच दिसली. ती उठून उभी राहिली होती. तिने बरा आहे का, वाचला का, असं काही विचारलं नाही. म्हणाली, "रंग खाली आला?"

"आला," मी म्हटलं. "सगळा आला."

ती मटकन खाली बसली, तिथेच लादीवर, आणि हमसून हमसून रडायला लागली. मामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, रुमाल काढला. मी वाट बघत होते, आता कोण काय बोलतंय.

जयेशची आई बाकावरून उठली. भिंतीकडेला गेली, रोशनीच्या चपला उचलल्या. पदराने त्यांच्यावरची धूळ पुसली, रोशनीसमोर आणून नीट सरळ मांडून ठेवल्या आणि खाली बसून तिचा एक पाय साडीतून बाहेर काढून स्वतःच्या हाताने चपलेत घातला.

"चल गो," म्हणाली. "घरी जाऊ."